आधी वरचा कॉक

गळती कुठलीही असो, आधी वरचा कॉक बंद करायचा. वॉशरमामांचं सगळं शास्त्र या एका वाक्यात मावत होतं आणि त्यांच्या मते जगातलं बरंचसं शहाणपणही. लोक नेमकं उलटं करतात, असं त्यांचं म्हणणं. नळ फुटला की बादल्या लावतात, फडकी गुंडाळतात, एकमेकांवर खेकसतात, आणि वरून टाकीतलं पाणी आपलं येतंच आहे. मामा दारात आले की कुणाशी बोलायचे नाहीत. सरळ जिना चढून गच्चीवर जायचे, कॉक पिळायचे, खाली येऊन घाम पुसायचे आणि मग विचारायचे, "हं, आता सांगा, काय झालंय?"

शर्टाच्या खिशात कायम रबरी वॉशर, म्हणून वॉशरमामा. खरं नाव घेऊन कुणी हाक मारली तर तेच मागे वळून बघायचे, की हा कुणाला बोलावतोय. नळकामात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. पाइपाला कान लावून ते भिंतीतली गळती सांगायचे. घरच्या मोरीतल्या तोटीला मात्र वर्षानुवर्षं चिंधी बांधलेली. बायको होती तोवर म्हणायची, "दिव्याखाली अंधार." बायको गेली, चिंधी राहिली.

आता घरात तिघं. मामा, त्यांची लेक आणि लेकीची लेक. जावई लांब पल्ल्याच्या ट्रकवर, आला की पाहुण्यासारखा यायचा आणि झोप काढून जायचा. लेक बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. त्यामुळे दिवसभर नात मामांच्या गळ्यात. गळ्यात म्हणजे अगदी शब्दशः, कारण तिला चालण्यापेक्षा खांद्यावर बसणं पसंत होतं. खाली सोडली की स्वतःभोवती गरागरा फिरायची, चक्कर येऊन पडायची आणि पडल्यापडल्या हसायची. म्हणून तिचं नाव भिंगरी.

मामा तिला कामावरही न्यायचे. हत्यारांच्या पिशवीवर तिला बसवायचं आणि म्हणायचं, "द्या बघू पाना." भिंगरी हातोडी द्यायची. "अगदी बरोबर," असं म्हणून मामा हातोडी बाजूला ठेवायचे आणि हळूच आपला आपण पाना घ्यायचे. गिऱ्हाईक हसलं तर त्याच्याकडे असे बघायचे, की त्याचं हसू गिळलं जायचं. स्वतःच्या लेकीच्या वेळी या माणसाला कामापुढे मान वर करायला सवड नव्हती. ती कसर भिंगरीवर निघत होती, दामदुपटीने.

त्या वर्षी उन्हाळा वाढला तसा गल्लीतल्या पाण्याला वास यायला लागला. पाणी थोडा वेळ यायचं आणि जायचं. पिण्याच्या पाण्याचा पाइप गटाराला चिकटून गेलेला. अशा पाइपाच्या जोडाला फट पडली, की पाइप भरलेला असतो तोवर पाणी बाहेर गळतं. पाइप रिकामा झाला की त्याच फटीतून बाहेरची घाण आत ओढली जाते. हे मामांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. गल्लीत एकेका घरी जुलाब सुरू झाले. आधी पोरं, मग म्हातारी माणसं.

दवाखान्यातल्या सिस्टर दारोदार फिरल्या. पाणी उकळून, गार करून प्या. संडासहून आल्यावर आणि लहान पोरांचं धुतल्यावर हात साबणाने धुवा. अन्न झाका, माश्या बसू देऊ नका, उरलेलं दुसऱ्या दिवशी खाऊ नका. बाटलीने दूध पाजत असाल तर बाटली सोडा, वाटीचमचा घ्या. हे सगळं सांगून त्यांनी प्रत्येक घरात क्षारांच्या पुड्या ठेवल्या.

"आमच्याकडे नको, सिस्टर," मामा म्हणाले. "घरातला पाइप मी स्वतः टाकलाय. एक थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही."

"तुमचा पाइप सोन्याचा असेल हो, मामा. पण त्यातून येणारं पाणी गल्लीतलंच ना?"

मामा हसले. लेकीने मात्र पुड्या घेतल्या आणि त्या दिवसापासून ती पाणी उकळायला लागली. उकळलेलं पाणी वेगळ्या हंड्यात. मामा तिच्यासमोर हंड्यातलं प्यायचे आणि ती कामावर गेली की नळाखाली पेला धरायचे. उकळलेलं पाणी मेलेलं लागतं, असं त्यांचं मत. आजोबांच्या पेल्यातलं पाणी नातीलाही हवंच असायचं.

एका सकाळी भिंगरीला जुलाब सुरू झाले. पातळ, पाण्यासारखे. एकदा उलटीही झाली. लेकीने वेळ घालवला नाही. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक पूर्ण पुडी मिसळली, ते पाणी जगमध्ये ओतलं आणि चमच्याने पाजायला बसली. भिंगरी तहानेने तो चमचा चावायला बघत होती. लेकीचा जीव तिथून हलेना. पण त्या आठवड्यात कारखान्यात सुट्टी मागितली की कामच जायचं.

"बाबा, नीट ऐका. हे थोडं थोडं पाजत राहायचं. चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा द्यायचं, आणखी सावकाश. जितक्या वेळा होईल, तितक्या वेळा पाजायचं. मऊ भात ठेवलाय, खाल्ला तर भरवा. डोळे खोल गेले, लघवी झाली नाही, मलूल पडली, रक्त पडलं, तर माझी वाट बघायची नाही. रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचं."

"अगं, मी काय आज पहिल्यांदा सांभाळतोय?"

"बाबा, बंद करायचं नाही. कळलं का?"

"कळलं, कळलं. जा तू."

ती गेली. मामांनी खरोखरच पाजायला सुरुवात केली. चार चमचे दिले, पोरीला झालं. धुतली, पुसली, आणखी चार दिले, पुन्हा झालं. घरातली सगळी फडकी संपली. मामांनी स्वतःचं धोतरवजा जुनं पांघरूण फाडलं. आणि तिथे, मांडीवर ओली पोर आणि हातात चमचा घेऊन बसले असताना, त्यांच्यातला कारागीर जागा झाला.

माणूस आपल्या कामात वाघ असला की त्याला सगळं जग आपल्याच कामासारखं चालतंय असं वाटू लागतं. मामांना समोर सरळ दिसत होतं. वरून सोडतोय, खालून जातंय. मग चुकतंय कोण? आयुष्यभर ज्या मूर्खपणाला ते हसत आले, तोच आपण करतोय, असं त्यांना वाटलं. लेक शिकलेली नाही, घाबरलेली आहे, सिस्टर पुस्तकातलं बोलतात. गळती आपल्याला कळते. मामा उठले आणि तो जग त्यांनी भांड्यांच्या फळीवर, पार वर, भिंतीला लावून ठेवला.

दुष्टपणाने केलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण हे त्यांनी प्रेमाने केलं, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन केलं.

"आबा, पाणी," भिंगरी म्हणाली.

"थांब गं राणी, जरा थांबू दे आधी."

ती त्यांचा पायजमा ओढत रडली. डोळ्यांतून पाणी येत नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी तिला खांद्यावर घेऊन घरभर फेऱ्या मारल्या. नळावर बसलेल्या चिमणीची गोष्ट सांगितली. ओला रुमाल तिच्या ओठांवर फिरवला तर तिने तो दातांत धरून चोखला. मामांनी हळूच सोडवून घेतला. "पाणी," ती पुन्हा म्हणाली, या वेळी रडली नाही.

दुपार झाली आणि जुलाब कमी झाले. मग थांबलेच. मामांनी फडकं चाचपून पाहिलं, कोरडं ठाक. जीव भांड्यात पडला. भिंगरी गप्प पडून होती, झोपली असावी. पोरगी दमली बिचारी, म्हणून मामांनी पडदा ओढला, शेजारी बसून वारा घातला. लेक आली की तिला ते कोरडं फडकं दाखवू, असं त्यांच्या मनात होतं. खरंच होतं.

लेक धावतच आली. चपला पायातच होत्या. आधी तिने भिंगरीकडे पाहिलं, मग जगसाठी खाली नजर फिरवली, मग तिला तो वर दिसला. जवळजवळ भरलेला.

"बाबा, प्यायली नाही का ही?"

"बंद ठेवलं. आणि बघ, थांबलंय. दुपारपासून कोरडी आहे."

लेकीने भिंगरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. डोळे खोबणीत गेलेले, हातपाय गार. तिने पोरीला उचललं आणि जिना उतरायला लागली. मामा मागोमाग.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. सुई लावायला शीर सापडेना. शोधता शोधता त्याने विचारलं, "शेवटची लघवी कधी झाली?" लेकीने बापाकडे पाहिलं. "दुपारपासून काहीच नाही. कोरडी आहे," मामा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तेव्हाही थोडी फुशारकी होती. ती फुशारकी पुढे आयुष्यभर त्यांच्या कानात वाजत राहिली. शीर सापडली, सलाइनचं पाणी सुरू झालं, पण पोरीने वाट बघितली नाही. दिवे लागायच्या सुमाराला भिंगरी गेली.

घरी आल्यावर लेकीने फळीवरचा जग काढला, मोरीत ओतला, घासला आणि पालथा घातला. बापाला एक शब्द बोलली नाही. मामा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. ती आता बोलेल, शिव्या घालेल, भांडं फेकून मारेल, या आशेने उभे होते. आशाच म्हणायची ती. लेक त्यांच्या बाजूने बाहेर गेली, धक्का लागू न देता.

महिन्याच्या आत जावयाने गावाच्या दुसऱ्या टोकाला, ट्रक उभे राहतात तिकडे, खोली घेतली आणि लेकही तिकडे राहायला गेली. पाणीखात्याच्या माणसांनी गटाराशेजारचा पाइपाचा जोड उकरला. बोटभर फट होती. सकाळी खणलं आणि जेवायच्या सुट्टीआधी जोड बदलून, माती लोटून निघूनही गेले.

एक दिवस मामा दवाखान्यात सिस्टरांपुढे जाऊन बसले. रांग संपेपर्यंत बसले.

"पाजलं असतं तर?" त्यांनी विचारलं.

सिस्टर खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "मामा, जुलाब बहुतेक वेळा आपले आपण थांबतात. चारसहा दिवस घेतात, पण थांबतात. जंतू घाण पाण्यातून येतात, हातातून येतात, शिळ्या अन्नातून येतात. माणूस जुलाबाने जात नाही. अंगातलं पाणी आणि मीठ गेल्याने जातो. आतडं म्हणजे पाइप नाही हो. जुलाब चालू असतानाही ते पाणी शोषून घेत असतं. सोबत मीठ आणि साखर असली की जास्त घेतं. म्हणून ती पुडी. पुडी नसली तर घरचं मीठ आणि साखर मापात घालून पाजायचं, ते निदान दवाखान्यापर्यंत पोचवतं. खालून जाताना दिसतं ते आपल्या डोळ्यांना. आत काय राहतंय, ते दिसत नाही."

"मग दुपारी थांबलं ते?"

"जायला काही उरलं नव्हतं, मामा."

मामांनी मान हलवली. कारागीर माणूस, एकदा सांगितलेलं त्यांना कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

पुढे सिस्टरांनी एकदा सुचवलं, की बायकांच्या बैठकीत येऊन तुम्ही स्वतः सांगा, तुमचं लोक ऐकतील. मामा गेले. सगळ्यांसमोर उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि खाली बसले. नंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. कामाचंही तसंच झालं. पाना धरलेला हात कॉकवर गेला की तिथेच थांबायचा. खाली गिऱ्हाइकाच्या घरात पाणी छताला उडतंय, बाई बोंब मारतेय, आणि मामा गच्चीवर कॉकला हात लावून उभे. एकदोनदा लोकांनी हसण्यावारी नेलं. मग दुसरा मिस्त्री बोलवायला लागले. कोण किती दिवस भिजणार?

लेक फोन करायची. "जेवलात का?" "गोळ्या घेतल्या का?" "पंखा चालतोय ना?" बस, एवढंच. तिला मुलगा झाला, तेव्हा मामा बघायला गेले. मूल तिच्या मांडीवर होतं. तिने त्यांना चहा दिला, पोराचे पाय दाखवले, पण मांडीवर दिलं नाही. मामांनीही हात पुढे केले नाहीत.

त्यांना एकच हवं होतं. लेकीने एकदा तरी तोंड भरून बोलावं. तिने ओरडावं आणि विचारावं. कारण एक गोष्ट होती जी मामांशिवाय जगात कुणालाच माहीत नव्हती, आणि ती सांगायची हिंमत त्यांच्यात नव्हती. तिने विचारलं असतं तर ते खोटं बोलले नसते. ती विचारत नव्हती. आणि बापलेकीच्या मधल्या त्या न विचारलेल्या प्रश्नावर वर्षं साचत गेली.

मामा थकले. एकटा माणूस, एकदा भात लावायचा आणि दोन दिवस खायचा. आणखी एका उन्हाळ्यात तसाच उरलेला, उघडा राहिलेला भात त्यांनी खाल्ला आणि पोट बिघडलं. सकाळपासून मोरीच्या चकरा सुरू झाल्या. तोंडाला कोरड पडली. हंडा हाताच्या अंतरावर होता, पेला त्याच्यावर पालथा. मामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मरायचं असं त्यांनी काही ठरवलं नव्हतं. फक्त पाण्याला हात लावावा, असा आपला हक्क आहे असं त्यांना वाटेना.

खालच्या मजल्यावरची शिवणवाली दुसऱ्या दिवशी दार ढकलून आत आली आणि मामांची दशा बघून तिने लेकीला फोन लावला. भर दुपारी लेक आली. पोराला नवऱ्याकडे टाकून आली होती. तिने खिडकी उघडली, बापाला स्वच्छ केलं, कपडे बदलले, पाणी उकळायला ठेवलं. हात सराईत होते.

"रक्त पडतंय का?"

मामांनी मान हलवली. नाही.

"लघवी कधी झाली?"

"सकाळी. थोडी."

"रिक्षा सांगितलीय, येईल. तोवर हे घ्यायचं." पातेलं थंड पाण्यात ठेवून तिने पाणी निववलं, मापून पुडी मिसळली आणि चमचा भरून त्यांच्या ओठांशी आणला. मामांनी ओठ मिटले. तिने वाट बघितली. चमचा पुन्हा पुढे केला. ओठ मिटलेलेच.

"बाबा."

मामांनी डोळे मिटून घेतले.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही. "मागितलं होतं का तिने पाणी?"

मामांनी डोळे उघडले. या प्रश्नासाठी ते इतकी वर्षं थांबले होते, आणि आता तो समोर आला तर त्यांना पळून जावंसं वाटलं.

"हो," ते म्हणाले.

"किती वेळा?"

"दोनदा बोलून. मग रुमाल चोखला. तोही मी काढून घेतला."

चमच्यातलं पाणी लेकीच्या मांडीवर सांडलं. ती रडली. भिंगरी गेली तेव्हाही बापासमोर ती अशी रडली नव्हती, कमरेत वाकून, तोंड उघडं टाकून. मामांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. तिने तो बाजूला केला. जोराने नाही, पण केला.

"मला वाटलं होतं, झोपेतच मलूल होत गेली असेल," ती म्हणाली. "मागितलं नसेल, असं धरून मी चालले होते, बाबा. तेवढ्यावर मी दिवस काढत होते."

लेकीने पदराने तोंड पुसलं, चमचा पुन्हा भरला आणि त्यांच्या ओठांशी धरला.

"मला नको, पोरी. मी कुठल्या तोंडाने पिऊ?"

"ते मला माहीत नाही. आणि मी माफ केलंय म्हणून देतेय, असंही समजू नका." तिने डाव्या हाताने त्यांची हनुवटी धरली, लहान मुलाची धरतात तशी. "आज पहिल्यांदा विचारलंय मी. अजून मला पुष्कळ बोलायचंय. तुम्ही गेलात तर मी कुणाला बोलू? तोंड उघडा."

मामांनी तोंड उघडलं. तिने चमचा आत रिकामा केला, पाणी घशाखाली उतरेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली, आणि दुसरा भरला.